धोंड्याआधी बसवलेला दात

मेसमधल्या पोरींना वाटायचं, राजकन्याताईला हसूच येत नाही.

लातुरात क्लासेसच्या रस्त्यामागच्या एका बोळात कावेरीबाईंची मेस होती. वरच्या दोन मजल्यांवर पोरी राहायच्या, खाली जेवायच्या. धर्माबादच्या, उदगीरच्या, पार किनवटकडच्या. सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. राजकन्या सकाळपासून तव्यापुढं असायची. ती कावेरीबाईंच्या नवऱ्याच्या भावाची पोर. मेसमध्ये तिला पगार नव्हता आणि पाहुणी म्हणून मानही नव्हता. घरच्या माणसासारखी ती होती आणि घरच्या माणसासारखीच कुणाच्या फारशी लक्षात नव्हती.

"ताई, आज भाजीत मीठ हाय का आमच्या अभ्यासाची काळजी म्हणून टाकलंच न्हाई?" धर्माबादची जेबा ताटावरून ओरडायची.

"मीठ हाय. तुझी जीभ पुस्तकात राहिली."

पोरी खिदळायच्या. राजकन्या पदराचं टोक ओठांवर धरून वळायची. तिला हसू यायचं. पण ते पदराआड कुठंतरी सांडून जायचं आणि ती पुन्हा समोर वळायची तेव्हा तोंड मिटलेलं असायचं.

तिचा वरचा, अगदी समोरचा दात अर्धा तुटलेला होता. तिरपा, कुणी विळीनं छाटल्यासारखा. भूकंपात औसा तालुक्यातलं तिचं गाव बसलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आई, वडील आणि दोन भाऊ एकाच खोलीत गेले. तिच्या अंगावर माळवदाचं एक लाकूड आडवं अडकलं, त्यानं वरची माती तोलून धरली, म्हणून ती राहिली. त्याच लाकडानं तिचा दात तोडला. ज्यानं वाचवलं त्यानंच खूण करून ठेवली.

दुसरी खूण त्याहून जुनी होती. गावातल्या हापशाचं पाणी चवीला गोड, पण दातांना वाईट. गावातल्या सगळ्या लेकरांच्या दातांवर तपकिरी पट्टा असायचा. लहानपणी तिला वाटायचं, दात असेच असतात. पुढं गाव विखुरलं, कुणी पुण्याला गेलं, कुणी नव्या वसाहतीत. एसटी स्टँडवर, एखाद्या लग्नात कुणाच्या तोंडात तसा पट्टा दिसला की ती थबकायची. नाव विचारायची हिंमत व्हायची नाही. पण हे आपल्याकडचं, एवढं तिला कळायचं.

तिचे काका निवृत्ती एसटीत कंडक्टर. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमधून त्यांनी तिला उचलून आणलं. कावेरीबाईंना मूलबाळ नव्हतं. त्यांनी पोरीला मायेनं वाढवलं असं म्हणता येईल, पण त्यांची माया हातात झाडू घेऊन यायची. "तोंड मिटून बोल गं," हे त्यांनी तिला पहिल्या वर्षीच शिकवलं. वरचा ओठ खाली ओढून, थोडकं बोलायचं. राजकन्या इतकी छान शिकली, की लोक तिला लाजाळू म्हणू लागले.

लग्नाचं वय झालं तशी पाहायला माणसं येऊ लागली. येणारे चहा घ्यायचे, पोरगी कामाची दिसते म्हणायचे, आणि गावाचं नाव ऐकलं की गप्प व्हायचे. भूकंपातल्या पोरींबद्दल लोकांच्या मनात काहीतरी असायचं. पांढऱ्या पायाची कुणी तोंडावर म्हणालं नाही. निरोप मात्र यायचा नाही.

वैजनाथचं स्थळ आलं तेव्हा राजकन्या तेवीस वर्षांची होती. मुलगा नायगावजवळच्या एका खेड्यात शिक्षणसेवक होता. अजून थोडा काळ गेला की मास्तर म्हणून कायम होणार. वडील नव्हते. आई भामाबाई, मोठ्या हाडाची, सावकाश बोलणारी बाई. ती स्वतः पाहायला आली. राजकन्येला नाव विचारलं, शिक्षण विचारलं, ज्वारीची भाकरी जमते का विचारलं. राजकन्येनं खाली मान घालून, पदर हनुवटीपर्यंत धरून उत्तरं दिली. वैजनाथनं एकदाच वर पाहिलं आणि तोच जास्त लाजला.

"पोरगी मवाळ हाय. मला आवडली," भामाबाई म्हणाल्या. मग चहाची बशी खाली ठेवून त्यांनी आवाज हळू केला. "एक विचारते बाई, राग मानू नका. आमच्या भावकीत एकानं भूकंपातली पोरगी केली. मणका दबलेला होता. माहेरच्यांनी सांगितलंच न्हाई. पहिल्या बाळंतपणात अंथरुणाला लागली ती अजून उठली न्हाई. तिची सासू म्हातारपणी तिचं हागणं-मुतणं काढून राहिली. म्हणून विचारते. पोरीच्या अंगाला काही इजा?"

राजकन्या पडद्याआड कपबशा विसळत होती. तिची जीभ आपोआप त्या तिरप्या दाताच्या धारेवर गेली.

"राग कशाचा? विचारलंच पाहिजे," कावेरीबाई म्हणाल्या. "पोरीचं नख बी तुटलं न्हाई. देवाची शपथ."

"मग झालं. मला दुसरं काही नको."

तिथंच सुपारी फुटली. तारीख मात्र जवळची निघाली. त्या वर्षी जेठात अधिक महिना आला होता, आणि धोंड्याच्या महिन्यात लग्न होत नाही. धोंडा लागायच्या आत उरकायचं, असं दोन्हीकडून ठरलं.

दुसऱ्या दिवशी भांडी घासताना राजकन्या म्हणाली, "काकी, शपथ कशाला घेतलीस? अर्धा दात तर समोर हाय."

"खोटं बोलले न्हाई मी."

"मग?"

"आधी बोलले. आता खरं करून घेऊ. पदर घे, चल."

मेसमधल्या पोरी दातांच्या तारा आवळून घ्यायला ज्या डॉक्टरकडं जायच्या, त्या मुनीब डॉक्टरांच्या दवाखान्यात त्या दोघी गेल्या. डॉक्टर लातूरचेच, अघळपघळ माणूस. त्यांनी राजकन्येला खुर्चीत आडवं केलं, आरशानं दात पाहिला, आणि खोट्या दातांच्या रंगांची एक पट्टी तिच्या ओठांशी धरली.

"काकू, दात बसेल. अगदी आज बसवतो. बाकीच्या दातांचा रंग घेतो, हा असा थोडा पिवळट, वर तपकिरी झाक. मिसळून जाईल. कुणाला कळणार नाही."

राजकन्येनं त्या पट्टीकडं पाहिलं. टोकाला पांढरेशुभ्र दात होते, जेबाच्या दातांसारखे. या टोकाला तिचे.

"सगळेच पांढरे होत न्हाईत का?" तिनं विचारलं.

कावेरीबाईंनी दचकून तिच्याकडं पाहिलं. या पोरीनं कधी काही मागितलेलं त्यांना आठवत नव्हतं.

"होतात ना," डॉक्टर म्हणाले. "डाग पूर्ण जाणार नाहीत, पण फिके होतील. फक्त आधी पांढरे करायचे, मग पंधरा दिवस थांबायचं आणि मग दात बसवायचा."

"थांबायचं कशाला?" कावेरीबाईंनी विचारलं.

"असं बघा. पांढरं करायचं जे औषध असतं, त्यातला प्राणवायू दातात शिरतो. तोच डाग घालवतो. पण काम झालं की लगेच निघून जात नाही, दातात मुरून बसतो आणि हळूहळू बाहेर पडतो. तो आत आहे तोवर दात बसवायचा मसाला नीट आवळत नाही, वरवर चिकटतो. ओल्या भिंतीला रंग दिल्यासारखं. दिसायला झकास, पण पापुद्रा केव्हा सुटेल सांगता येत नाही. शिवाय पांढरा रंगही आधी जास्त दिसतो, मग थोडा उतरतो. तो स्थिर झाला की त्याच्याशी जुळवून दात करायचा. लग्न कधी आहे?"

"पुढच्या आठवड्यात. धोंड्याच्या आत."

"मग दोन्ही जमत नाही. एकतर आज आहे त्याच रंगाचा दात बसवून घ्या. पक्का होईल. नाहीतर आज पांढरे करून घ्या आणि तुटका दात घेऊन लग्नाला उभ्या राहा. लग्न झाल्यावर धोंड्यात या, मी बसवून देतो."

"पंधरा दिवसांनी या म्हणायची रीतच हाय तुम्हा लोकांची," कावेरीबाई म्हणाल्या.

"अहो काकू, पंधरा दिवस तुमच्या मेसचं जेवण मिळणार असतं तर महिनाभर बोलावलं असतं." डॉक्टर हसले. मग राजकन्येकडं वळून म्हणाले, "बोल बेटा. तुझे दात आहेत. काय करू?"

पुढं कित्येकदा राजकन्येला ती खुर्ची आठवली. पिवळा दात घेतला असता तर तो बसला असता. भामाबाईंनी मागितलं होतं ते सगळं त्यात होतं. पण तिनं त्या पट्टीच्या दुसऱ्या टोकाकडं बोट केलं.

"पांढरे."

डॉक्टरांनी हिरड्यांना लेप लावला, दातांवर गार औषध पसरलं, निळा दिवा धरला. दातांतून बारीक कळा निघाल्या. कितीतरी वेळानं आरसा हातात आला. पट्टा पुसट झाला होता. माहीत असेल त्यालाच दिसेल इतका. आता एसटी स्टँडवर तिच्या गावचं कुणी भेटलं, तर ते थबकणार नव्हतं. हे क्षणभर तिच्या मनात आलं, आणि मग तिनं आरसा जरा जवळ घेतला. किती पांढरे होते ते!

मात्र घरी आल्यावर कावेरीबाईंच्या लक्षात आलं, की पिवळ्या दातांत जो तुटका दात दबून जायचा, तो पांढऱ्या दातांत लांबूनही दिसतो. ओठ खाली ओढला तरी दिसतो. त्या शब्द देऊन बसलेल्या. दोन दिवसांनी त्यांनी पोरीला पुन्हा उठवलं आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, औसा रोडवर नव्यानं उघडलेल्या एका दवाखान्यात नेलं.

"तिथं पहिल्या डॉक्टरचं नाव काढायचं न्हाई," त्यांनी रिक्षातच बजावलं.

त्यांच्या घरचा हा नियमच होता. निवृत्तीकाकांच्या पोटदुखीत एका डॉक्टरनं आधीच्या डॉक्टरचं नाव ऐकलं आणि "मग त्यांच्याकडंच जा" म्हणून परत पाठवलं होतं. तेव्हापासून नव्या डॉक्टरकडं गेलं की जुनं औषध, जुना डॉक्टर, काही सांगायचं नाही. दुखणं जणू त्याच दारात सुरू झालंय, असं उभं राहायचं. गल्लीतल्या सगळ्याच घरांत असं करत, आणि त्याला शहाणपण म्हणत.

डॉक्टरीण तरुण होती, बोलायला मऊ. तिनं दाताच्या कडेला बोट फिरवलं.

"दात छान आहेत हो तुमचे. अलीकडे कुठं पांढरे करून घेतलेत का?"

राजकन्येच्या तोंडात कापसाचे बोळे होते. मागून कावेरीबाई म्हणाल्या, "न्हाई न्हाई. जन्माचे असेच."

डॉक्टरणीनं तरी राजकन्येच्याच डोळ्यांत पाहिलं. तिला खात्री हवी होती. त्या वेळी राजकन्येला मुनीब डॉक्टरांची ओली भिंत आठवली, नाही असं नाही. पण तिच्या मनात मांडव उभा होता, आणि मांडवात ती तोंड उघडून बोलत होती. तिनं मान हलवली. नाही.

दात सुरेख झाला. कुठं आपला संपतो आणि कुठून बसवलेला सुरू होतो, ते तिलाही कळेना. संध्याकाळी मेसमध्ये वाढताना जेबानं काहीतरी टोमणा मारला आणि राजकन्या पदर न घेता हसली. पोरींनी ताटावरून माना वर केल्या.

"या अल्ला," जेबा म्हणाली. "ताई, इतके दिवस कुठं लपवलं होतं हे?"

"काय?"

"हेच. हसणं."

लग्न झालं. अक्षता पडताना काढलेल्या फोटोत ती हसते आहे. वैजनाथ तिच्याकडं पाहतो आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावर, आपल्याला हे कुणी सांगितलंच नव्हतं, असा भाव आहे. क्रूझर गाडीत शेजारी बसून त्यानं तिला नायगावपर्यंतची गावं दाखवली, शाळेतल्या पोरांच्या गमती सांगितल्या. एक पोरगा हजेरीला "हजर" म्हणायच्या ऐवजी "हाव", म्हणजे हो, म्हणतो, हे सांगितल्यावर ती इतकी हसली, की मागच्या सीटवरच्या बायका कुजबुजल्या. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखाद्या पुरुषाशी इतकं बोलली असेल.

दुसऱ्या दिवशी अंगणात हळद उतरवायची होती. परातीतल्या पाण्यात अंगठी शोधून झाली, सुपारी सोडवून झाली. बायकांनी नाव घ्यायला लावलं. राजकन्येनं पाठ करून आणलं होतं:

"मांजरेच्या काठी ऊस, गोदेच्या काठी केळी,
वैजनाथरावांचं नाव घेते हळदीच्या वेळी."

"वा! बोलती की मैना," कुणीतरी म्हणालं. भामाबाईंनी कौतुकानं मान डोलावली.

मग विडा तोडायचा होता. नवरीनं विड्याच्या पानाची घट्ट गुंडाळी समोरच्या दातांत धरायची, आणि नवऱ्यानं हात न लावता दातांनीच ओढून ती तोडायची. एकमेकांच्या तोंडाजवळ तोंड आणायची ती चारचौघांतली पहिली वेळ, म्हणून सगळं अंगण गोळा झालं होतं.

"धर गं घट्ट! आज सोडलास तर जन्मभर त्याच्या मुठीत!"

"वैजा, ओढ की रं! का शाळेत पोरांचे कान बी असेच ओढितो?"

वैजनाथ वाकला. त्याच्या मानेला हळदीचा वास होता. राजकन्येनं डोळे मिटले आणि दात आवळले. सोडायचं नाही, असं तिला खरोखरच वाटलं. त्यानं एकदा ओढलं, पान सरकलं. पुन्हा ओढलं. तिच्या तोंडात बारीक कट् झालं. काच तडकते तेवढंच. दुखलं अजिबात नाही.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. वैजनाथ मागं झाला, त्यानं तोंडातला विडा हातावर घेतला, आणि हाताकडं पाहत राहिला. हिरव्या पानाला दाताचा पांढरा तुकडा चिकटला होता. त्यानं राजकन्येकडं पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता. त्याला कळलं. त्यानं मूठ मिटली.

ती मूठ मिटताना राजकन्येनं पाहिली. त्या एवढ्याशा वेळात तिला वाटलं, हा माणूस आपल्याला तारून नेईल.

"काय रं ते? काय हाय हातात?" भामाबाईंनी विचारलं.

"काही न्हाई."

"दाखव."

त्यानं मूठ उघडली.

कुणी हसलं, कुणी "अगं बाई" म्हटलं. भामाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सुनेचा पदर स्वतःच्या हातानं खाली केला, हनुवटी वर उचलली आणि दाताकडं पाहिलं. "कशानं तुटला?"

राजकन्येची नजर परातीतल्या पाण्याकडं वळली.

"भूकंपात?"

तिनं मान हलवली. हो.

भामाबाईंनी तिला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. बरोबर नात्यातल्या दोन म्हाताऱ्या आल्या आणि दार लोटलं. त्यांनी तिला चालायला लावलं, वाकायला लावलं. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावलं. चोळी काढून पाठ पाहिली, मणक्यावरून एकेक बोट दाबत नेलं. दुखतं का? न्हाई. इथं? न्हाई. हळदीनं पिवळी झालेली तिची पाठ त्या खोलीत उघडी होती, आणि बाहेर बायका वाट पाहत होत्या.

"आत्या, बाकी काही न्हाई," ती सासूला म्हणाली. तुटक्या दातातून 'स' आणि 'श' पुन्हा शीळ घालू लागले होते. "शपथ. एवढाच दात."

भामाबाई खाटेवर बसल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता.

"एवढाच म्हणून कसं मानू बाई? कालपर्यंत एवढा बी न्हवता."

पुढचे दिवस त्या घरात तिला कुणी वाकडं बोललं नाही. तिनं भाकरी केल्या, त्या खाल्ल्या गेल्या. पण तिनं घागर उचलली की भामाबाई तिच्या पाठीकडं बघत. ती जरा टेकली की बघत. वैजनाथ आईच्या नजरेच्या मागं मागं बघायला शिकला. रात्री तो तिच्याकडं पाठ करून निजायचा. रागानं नव्हे, काय बोलावं ते न सुचून.

मांडवपरतणीला न्यायला निवृत्तीकाका मुराळी म्हणून आले. माहेरी जाताना नवी नवरी एखादं लुगडं सासरी ठेवून जाते, लवकर यायचं असतं म्हणून. भामाबाईंनी तिची ट्रंक स्वतः भरली. काही मागं ठेवलं नाही. मग तिची ओटी भरली, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "नीट जा."

लातुरात आल्यावर कावेरीबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. मग उठल्या आणि पोरीला घेऊन मुनीब डॉक्टरांकडं गेल्या. सगळं सांगितलं, दुसऱ्या दवाखान्याचंही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"त्या बाईंनी विचारलं नव्हतं का?"

"विचारलं होतं," राजकन्या म्हणाली. "मीच न्हाई म्हणाले."

डॉक्टरांनी आरसा धरून पाहिलं. दाताच्या कडेवर मसाला धरल्याची फारशी खूणही नव्हती, सालपट निघावं तसा तो निघाला होता. "आता बरेच दिवस झाले," ते म्हणाले. "आता धरेल." त्यांनी दात घासला, औषध लावलं, मसाला थरथरानं चढवला, दिव्यानं वाळवला. "आता हुरड्याचं कणीस खा, नाही निघणार."

तो खरोखरच निघाला नाही. कावेरीबाईंनी दवाखान्याच्या पायरीवर देवाचं नाव घेतलं. राजकन्येनं जीभ फिरवून पाहिली. गुळगुळीत, घट्ट. तिला काहीच वाटलं नाही.

धोंड्याच्या महिन्यात जावयाला जेवायला बोलवायचंच असतं. निवृत्तीकाका स्वतः नायगावला जाऊन आमंत्रण देऊन आले. वैजनाथ येईल असं कुणालाच वाटत नव्हतं, पण तो आला. एकटाच, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात आंब्यांची पिशवी. कावेरीबाईंनी पुरणाचे धोंडे केले होते. त्याला पाटावर बसवलं, वाण दिलं, आग्रह करकरून वाढलं. तो मान खाली घालून जेवला.

"मग, कधी नेताय पोरीला?" निवृत्तीकाकांनी हात धुताना विचारलं.

"आई म्हणती, धोंडा संपू द्या."

"संपेलच की."

"मग शाळा उघडती. त्याच्यापुढं आषाढ. आषाढात नव्या सुना सासरी राहत नसतात म्हणे."

"ते खरं हाय. मग पंचमीनंतर?"

"बघू. आई सांगंल."

निघताना राजकन्या त्याच्यामागं बोळाच्या तोंडापर्यंत गेली. क्लासला जाणाऱ्या पोरींच्या सायकली जात होत्या. तो थांबला.

"बसवला का दात?"

"हाव."

"दिसत न्हाई. लई चांगला बसवला."

"तुम्हाला विचारते," ती म्हणाली. ओठ खाली न ओढता, सरळ. "आत्याला न्हाई, तुम्हाला. न्यायचं हाय का न्हाई मला?"

तो सायकलींकडं पाहत राहिला. "मी म्हणालो आईला. एवढाच दात हाय, बाकी पोरगी धड हाय. आई म्हणती, तुला कसं कळलं?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार?" तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर कसलीही लबाडी नव्हती. "मला खरंच कुठं माहीत हाय?"

आपल्या हाडांसाठी आता कुणाची साक्ष काढायची? तिनं एकदा मान हलवून नाही म्हटलं होतं. त्यानंतर तिच्या कुठल्याच नाही-होला वजन राहिलं नव्हतं. बस आली तसा तो गेला.

आषाढ गेला. पंचमीला निरोप आला की घरात आजारपण आहे. पुढं पितृपक्ष लागला, त्यात काही करत नाहीत. दिवाळीला वैजनाथची बदली होणार होती, संक्रांतीला परीक्षांचं काम होतं. नेत नाही असं कुणीच कधी म्हटलं नाही. वर्षभराच्या पंचांगात न नेण्यासाठी जागा भरपूर असतात. तो कायम झाल्याचं कळलं. त्यानंतर निवृत्तीकाका एकदा नांदेडच्या फेरीवरून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि कावेरीबाईंना आत बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं. भामाबाईंनी दुसरी सून आणली होती. बिलोलीकडची, भूकंपाशी संबंध नसलेली. कावेरीबाई मोठ्यानं रडल्या. राजकन्या तव्यापुढं होती. तिनं भाकरी उलटली. फारकतीसाठी भांडायला जावं असं काकांना वाटत होतं. ती नको म्हणाली.

जेबाला मेडिकलला नंबर लागला आणि ती औरंगाबादला गेली. मेस वाढली. बोळात आणखी चार मेस झाल्या, रस्त्यावर टॉपर पोरापोरींचे मोठमोठे फलक लागले. कावेरीबाईंचे गुडघे गेले तसं सगळं राजकन्येवर आलं. आता नव्या पोरी तिला हसताना पाहायच्या, कारण ती आल्यागेल्याशी तोंड भरून हसायची. आईबाप पोरीला सोडायला येतात तेव्हा मेसवाली बाई हसतमुख लागते.

एका जूनमध्ये शिरूर अनंतपाळहून एक बाई आपल्या पोरीला घेऊन आली. पोरगी घाबरलेली, बाई बोलकी. खोली पाहून झाली, पाणी कसं येतं ते विचारून झालं. मग बाईची नजर राजकन्येच्या गळ्यातल्या मंगळसूत्रावर गेली.

"मालक काय करतात तुमचे?"

"मास्तर हायत. नायगावकडं."

"अन् तुम्ही इथं? लेकरंबाळं?"

पोरगी आईच्या हाताला घट्ट धरून उभी होती.

"पोरींच्या परीक्षा झाल्या की जाणार हाय," ती म्हणाली.

"हां, मग बरं," बाई म्हणाली. "बाईमाणसानं आपल्या घरी असलेलं बरं."

"हाव," राजकन्या म्हणाली, आणि पोरीच्या ट्रंकेची एक कडी धरून जिना चढू लागली.